शिलरची पत्रे व दोन भगिनी : एका जर्मन बोलपटाचे परीक्षण

डोमिनिक ग्राफ या जर्मन दिग्दर्शकाचा ‘डी गेलीब्टेन श्वेस्टर्न’ (प्रिय भगिनी) हा बोलपट २०१४ साली बर्लिनच्या चित्रपट-महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला. बोलपटांचे परीक्षण हा इतिहास-संशोधकांचा नित्याचा उद्योग नव्हे. परंतु याचा खरा विषय पत्रव्यवहार, आणि तोही खंडित, असल्यामुळे जुने कागद जमविणारांनी त्याची दखल घेणे अवश्य आहे.

मूळ हकीकत अशी. कवी फ्रीड्रिख शिलर १७८७ च्या डिसेंबरात रूडोल्श्टाट येथे लेंगेफेल्ड घराण्यातील दोघी बहिणींस भेटला. थोरली कारोलिने विवाहित, धाकटी शार्लोटे अविवाहित. १७८८ चा उन्हाळा त्याने जवळच्या फोल्कश्टेट गावी काढला. पुढील वर्षाची त्याची कित्येक प्रेमपत्रे दोघींस एकत्र उद्देशून आहेत. २२ फेब्रुवारी १७९० रोजी त्याने धाकटीशी लग्न केले. थोरली १७९४ मध्ये पहिल्या पतीपासून विभक्त होऊन विल्हेल्म फॉन वोल्त्सोगेन याची पत्नी झाली. येथवर कागद बोलतो.

पण थोरलीने त्या दिवसांत शिलरास लिहिलेली पत्रे जवळजवळ उरलेलीच नाहीत. १८३० साली तिने त्याचे चरित्र प्रसिद्ध केले व त्यात पत्रे काटछाट करून छापली. म्हणजे साक्षीदारही तीच आणि दप्तरदारही तीच! शिवाय हात कसलेला. तिची ‘आग्नेस फॉन लिलियन’ ही कादंबरी शिलरच्या मासिकात निनावी निघाली, तेव्हा ती गटेची असावी असा जाणत्यांचाही समज झाला होता. शिलरच्या कन्येने १८५६ त आईबापांची पत्रे छापली, वंशजांनी १८८९ त कागद वायमारच्या संग्रहास दिले; तथापि गेले ते गेलेच.

हे खिंडार ग्राफ याने उघड देहसंबंध दाखवून बुजविले आहे. कथाकारास तो अधिकार आहे. आमचा आक्षेप निराळा. पत्राधारे घेतलेले आणि कल्पनेने रचलेले ही दोन्ही एकाच निवेदकाच्या गंभीर आवाजाखाली येतात. अस्सल कोठे संपले व बखर कोठे सुरू झाली, हे प्रेक्षकास उमगत नाही. नदीच्या पाण्याने गारठलेल्या शिलरास दोघी बहिणी आपल्या अंगाची ऊब देतात, हा प्रसंग मोठा रम्य खरा. पण त्याची जात कोणती, ते चित्र सांगत नाही.

गुण मात्र मोकळेपणी सांगितला पाहिजे. पत्र लिहिणे, उत्तराची वाट पाहणे, माणसांची नावे चिन्हांखाली लपविणे, यांतूनच येथे कथा पुढे सरकते. पात्रे आपली पत्रे थेट प्रेक्षकांकडे पाहून म्हणतात. पत्र ही स्वतःच एक घटना असते, हे इतक्या समजुतीने दाखविणारे चित्र आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

शार्लोटे १८२६ त वारली. चरित्र त्यानंतर निघाले. कारोलिने १८४७ पर्यंत जगली. बहिणीच्या पश्चात कोणते कागद ठेवावे व कोणते नाहीसे करावे हे ठरविणारी ती वृद्धा चित्रकर्त्यास खुणावीत होती. त्याचा सारा जीव तिच्या तारुण्यात गुंतला.