संलग्न विपणनातील मोबदल्याची प्रारूपे : निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

दुसऱ्याचा माल खपवून त्यावर दलाली घेणे हा व्यवहार आपल्या बाजारपेठेला नवा नाही. बाजार समितीतील अडत्या आणि घरोघर फिरणारा विमा प्रतिनिधी हे त्याचे परिचित नमुने होत. इंटरनेटवर या व्यवहाराने घेतलेले रूप म्हणजे संलग्न विपणन अर्थात अॅफिलिएट मार्केटिंग. संकेतस्थळाचा किंवा यूट्यूब वाहिनीचा चालक एखाद्या वस्तूची शिफारस करतो आणि सोबत स्वतःची ओळखखूण असलेला दुवा देतो. त्या दुव्यावरून गेलेल्या ग्राहकाने ठरलेली कृती केली, की विक्रेता चालकाला मोबदला देतो. १९९४ मध्ये सीडीनाऊ या संगीतविक्रेत्या कंपनीने आणि जुलै १९९६ मध्ये अॅमेझॉनने असे कार्यक्रम सुरू केले. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

या विषयावरील मार्गदर्शनपर लेखनात मोबदल्याच्या प्रारूपांची यादी, प्रत्येकाचे फायदे-तोटे आणि शेवटी अधिक दर देणारे प्रारूप निवडण्याचा सल्ला असा क्रम सामान्यतः आढळतो. हा सल्ला अपुरा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मोबदल्याचे प्रारूप केवळ उत्पन्न ठरवीत नाही. व्यवहारातील जोखीम कोणी वाहायची आणि शिफारस करणाऱ्याने कोणाचे हित पाहायचे, हेही त्यातून ठरते. म्हणून प्रारूपाची निवड हा गणिताइतकाच व्यावसायिक नीतीचाही प्रश्न ठरतो.

प्रारूपांचे स्वरूप व जोखमीची वाटणी

प्रचलित प्रारूपे स्थूलमानाने पाच आहेत. प्रतिक्लिक प्रारूपात ग्राहक दुव्यावर आला एवढ्यावर मोबदला मिळतो. प्रतिचौकशी प्रारूपात त्याने नाव-पत्ता नोंदविणे किंवा अर्ज भरणे अपेक्षित असते. प्रतिविक्री प्रारूपात किमतीच्या ठरावीक टक्के किंवा ठोक रक्कम दिली जाते. महसूल-हिस्सा प्रारूपात ग्राहक जोवर पैसे भरत राहील तोवर त्याचा अंश मिळत राहतो. पाचवे प्रारूप संमिश्र असून त्यात आरंभी लहान ठोक रक्कम आणि नंतर अल्प हिस्सा असतो.

हा क्रम जोखमीचाही आहे. प्रतिक्लिक प्रारूपात ग्राहक खरेदी करील की नाही, ही सर्व अनिश्चितता विक्रेत्याकडे राहते. प्रतिविक्री प्रारूपात ती चालकाकडे येते. विक्रेत्याचे पान संथ असेल, माल संपलेला असेल किंवा ग्राहकाने वस्तू परत केली, तर चालकाचे श्रम वाया जातात, जरी यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती नसते. महसूल-हिस्सा प्रारूपात विक्रेत्याच्या भावी सेवेची गुणवत्ता हीदेखील चालकाची जोखीम बनते. पुढच्या पायरीवरील दर मोठा दिसतो, कारण त्यात जोखीम पत्करण्याची किंमत मिसळलेली असते.

दराचे गणित आणि काळ

ठोक रक्कम घ्यावी की हिस्सा, हा निवडीतील सर्वांत अवघड प्रश्न आहे. तो एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एखाद्या सेवेची मासिक वर्गणी २०० रुपये आहे. चालकापुढे दोन पर्याय आहेत : प्रतिग्राहक ५०० रुपये ठोक, किंवा वर्गणीच्या २० टक्के म्हणजे दरमहा ४० रुपये. वरवरच्या हिशेबात ५०० ला ४० ने भागले जाते आणि साडेबारा महिन्यांनंतर हिस्सा फायद्याचा, असा निष्कर्ष काढला जातो.

या हिशेबात एक त्रुटी आहे. सर्व ग्राहक टिकून राहतील, हे त्यात गृहीत धरलेले आहे. दरमहा ५ टक्के ग्राहक वर्गणी बंद करीत असतील, तर प्रतिग्राहक सरासरी आयुष्य २० महिने आणि एकूण हिस्सा ८०० रुपये होतो. अंतिम रक्कम ठोक रकमेहून मोठी आहे हे खरे. परंतु गळती धरून महिनावार बेरीज केल्यास ५०० रुपयांचा टप्पा तेराव्या नव्हे, तर विसाव्या महिन्यात ओलांडला जातो. गळती १० टक्के असेल, तर एकूण हिस्सा ४०० रुपयांवरच थांबतो आणि तो टप्पा कधीच येत नाही. या उदाहरणात दोन्ही पर्याय समान होण्याची सीमा ८ टक्के मासिक गळती ही आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, निवडीचा निर्णायक आकडा गळतीचा आहे, आणि तो विक्रेत्याला ठाऊक असतो, चालकाला नसतो. दोन, वीस महिने वाट पाहण्याची ऐपत सर्वांची नसते. नव्या चालकाने ठोक रक्कम घ्यावी आणि जम बसलेल्याने हिस्सा घ्यावा, या प्रचलित सल्ल्याचे मूळ अनुभवाच्या फरकात नसून भांडवलाच्या फरकात आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

मोबदल्याची घटना कोण ठरवितो?

दराइतकीच महत्त्वाची, परंतु दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे मोबदला देय ठरविणाऱ्या घटनेची व्याख्या. ग्राहक कोणाकडून आला याची नोंद ब्राउझरमधील कुकी ठेवते आणि तिला मुदत असते. अॅमेझॉनच्या कार्यक्रमात ही मुदत सामान्यतः २४ तासांची आहे. तीस दिवस विचार करून शीतकपाट घेणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत चांगला दरही त्यामुळे निरुपयोगी ठरू शकतो. शिवाय अनेक कार्यक्रमांत अखेरच्या दुव्याच्या मालकालाच संपूर्ण श्रेय दिले जाते. पेपॅलच्या मालकीच्या हनी या ब्राउझर-विस्ताराविरुद्ध डिसेंबर २०२४ अखेरीस अमेरिकेत दावे दाखल झाले. खरेदीच्या शेवटच्या टप्प्यावर मूळ शिफारसकर्त्याची खूण काढून तेथे स्वतःची लावली जाते, असा त्यांतील आरोप होता. आरोपांचा न्याय काहीही होवो, अशा वादाला जागा मिळते ती श्रेय मोजण्याच्या नियमामुळे, हे नाकारता येत नाही.

दुसरी बाब करार बदलण्याच्या अधिकाराची. अॅमेझॉनने २०१७ मध्ये अमेरिकेतील विक्रीच्या संख्येनुसार वाढणारे दर काढून वस्तुप्रकारानुसार स्थिर दर लागू केले. एप्रिल २०२० मध्ये फर्निचर व गृहसुधारणेच्या वस्तूंवरील दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणि किराणा मालावरील दर ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणला. घोषणा आणि अंमलबजावणी यांत एका आठवड्याचे अंतर होते. आधीच्या वर्षांत लिहिलेली परीक्षणे तशीच राहिली आणि तेवढ्याच विक्रीचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. सबब आजचा दर हा उद्याचा हक्क नव्हे. विमा प्रतिनिधीच्या नूतनीकरण कमिशनला अधिनियमाचा आधार होता. येथे तसे कोणतेही संरक्षण नाही.

प्रारूप आणि शिफारशीचा प्रामाणिकपणा

प्रत्येक प्रारूप एका विशिष्ट प्रलोभनाला जन्म देते. क्लिकला पैसे मिळत असतील, तर खोटे क्लिक निर्माण होतात. जाहिरातक्षेत्रातील अशा खोट्या क्लिकांच्या तक्रारींवर गूगलने २००६ मध्ये ९ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली होती. प्रतिविक्री प्रारूपही यापासून मुक्त नाही. ईबेच्या दोन मोठ्या संलग्न व्यावसायिकांनी लोकांच्या संगणकांत त्यांच्या नकळत कुकी टाकून नसलेल्या शिफारशीचे कमिशन उचलले. कंपनीने २००८ मध्ये दावा दाखल केला आणि २०१४ मध्ये दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली.

महसूल-हिस्सा हे सर्वांत प्रामाणिक प्रारूप मानले जाते, कारण ग्राहक समाधानी राहिला तरच उत्पन्न टिकते. या मताला भारतीय म्युच्युअल फंड व्यवसायातून बळ मिळते. गुंतवणूक येताच वितरकाला एकरकमी कमिशन देण्याच्या रीतीमुळे गुंतवणूकदाराला एका योजनेतून दुसरीत फिरविण्याची प्रवृत्ती बळावली होती. सेबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा आगाऊ कमिशनला मनाई करून गुंतवणूक टिकेपर्यंत मिळणाऱ्या कमिशनचा मार्ग अनिवार्य केला.

तथापि हे मत सरसकट स्वीकारता येत नाही. ऑनलाइन जुगाराच्या संलग्न कार्यक्रमांत हिस्सा मोजला जातो तो कंपनीच्या निव्वळ प्राप्तीवर, म्हणजे खेळणाऱ्याने गमावलेल्या रकमेवर. तेथे ग्राहक जितका बुडेल तितका शिफारसकर्ता कमावतो आणि ही मिळकत दीर्घकाळ चालू राहते. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना व त्यांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा संमत झाला. परंतु प्रारूपाविषयीचा मूळ मुद्दा त्याने संपत नाही. हिस्सा प्रामाणिक ठरतो तो ग्राहकाचे हित आणि विक्रेत्याचा महसूल एकाच दिशेने वाढत असतील तेव्हाच.

जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या आणि ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी आर्थिक संबंध उघड करणे अपेक्षित ठेवले आहे. मात्र दुव्यावर कमिशन मिळते एवढे सांगितल्याने प्रलोभनाचे स्वरूप कळत नाही. अर्ज भरताच पैसे मिळणाऱ्याचा सल्ला आणि वर्षभर ग्राहक टिकल्यावर पैसे मिळणाऱ्याचा सल्ला वाचकाने एकाच मापाने तोलणे योग्य नव्हे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून निवडीचे चार निकष मांडता येतात. पहिला, विक्री होण्या-न होण्याची जोखीम कोणाकडे आहे आणि ती पेलण्याइतके भांडवल चालकाकडे आहे काय. दुसरा, ग्राहकांच्या गळतीची माहिती विक्रेता देतो काय. देत नसल्यास ठोक किंवा संमिश्र प्रारूप अधिक सुरक्षित होय. तिसरा, कुकीची मुदत, श्रेयाचा नियम, परताव्याची वजावट आणि करारबदलाची पूर्वसूचना यांच्या अटी काय आहेत. चौथा, मिळकत वाढते तेव्हा वाचकाचे हितही वाढते काय.

यांतील पहिले तीन निकष उत्पन्नाचे आहेत आणि त्यांत झालेली चूक पुढील करारात सुधारता येते. चौथा निकष विश्वासाचा आहे. ज्या शिफारशीवर विसंबून वाचकाने पैसे गमावले, ती देणाऱ्याचा दुवा तो पुन्हा उघडत नाही आणि मग कोणत्याही प्रारूपात मोबदला मिळण्याचे कारण उरत नाही. वाणिज्य शाखेत हा विषय शिकविताना दरांच्या तक्त्यासोबत हा चौथा निकषही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.