क्लिफ रिचर्ड : एका दीर्घ गायनजीवनाचा विचार

कलावंताच्या आयुष्याची लांबी हा त्याच्या कलेचा गुण मानावा कीं नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कवि अकालीं वारला तर आपण हळहळतों, आणि तोच ऐंशी वर्षें जगून सारखा लिहीत राहिला तर मनांतून थोडे कंटाळतों. गवयाच्या बाबतींत मात्र लोक वर्षें मोजूं लागतात. इंग्लंडचे सुप्रसिद्ध पॉप-गायक सर क्लिफ रिचर्ड यांच्यासंबंधानें जें कांहीं लिहिलें जातें त्यांतील बराचसा भाग अशा मोजदादीनेंच भरलेला असतो. १९५८ सालीं त्यांची पहिली तबकडी निघाली. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक दशकांत त्यांच्या एका तरी गाण्यानें ब्रिटनच्या खपाच्या यादींत पहिला क्रमांक मिळविला. आणि २०२० सालीं, वयाला ऐंशी वर्षें पुरीं झालीं त्याच महिन्यांत, निघालेला त्यांचा गीतसंग्रह पहिल्या पांचांत गेल्यामुळें लागोपाठ आठ दशकांत हें साधणारे ते पहिले गायक ठरले. आंकडे खरे आहेत, व ते लहानहि नाहींत. परंतु आंकडे म्हणजे टीका नव्हे. इतकीं वर्षें गाणाऱ्या माणसानें त्या वर्षांचें काय केलें, तीं त्याच्या गळ्यांत कोठें उमटलीं, कीं मुळींच उमटलीं नाहींत, हें पाहणें टीकाकाराचें काम होय.

मोजदाद करणाऱ्यांच्या समोर दुसरा एक पक्ष उभा आहे. तो थट्टा करणाऱ्यांचा. रॉक-अँड-रोल हें मुळांत उद्दाम तारुण्याचें संगीत. त्यांत नांव मिळविलेला हा गृहस्थ चर्चमध्यें जातो, टेनिस खेळतो, अविवाहित राहूनहि कुप्रसिद्ध होत नाहीं, आणि मुलांच्या आयांना आवडतो. तेव्हां तो खरा कलावंत असूंच शकत नाहीं, असें या पक्षाचें म्हणणें. हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. सदाचार हा कांहीं गळ्याचा दोष नव्हे, आणि व्यसन हा गळ्याचा गुण नव्हे. नीतिमान् माणसाचें गाणें फिकें असेल तर तें कां फिकें आहे तें गाण्यांतच दाखवून दिलें पाहिजे. त्याच्या दिनचर्येकडे बोट दाखवून भागणार नाहीं.

क्लिफ रिचर्ड यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९४० रोजीं लखनौस झाला, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांचें मूळ नांव हॅरी रॉजर वेब. कुटुंब इंग्रज, पण हिंदुस्थानांतच राहिलेलें. वडील आगगाडीच्या उतारूंची खाण्यापिण्याची व्यवस्था पाहणाऱ्या केलनर कंपनींत नोकरीस होते. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ सालीं हीं मंडळी मुंबईस 'रांची' नांवाच्या आगबोटींत चढलीं आणि तीन आठवड्यांनीं इंग्लंडांत उतरलीं. येथें नोकरचाकर पाहिलेल्या माणसांना तेथें प्रथम नातलगांच्या घरीं एका खोलींत दिवस काढावे लागले. शाळेंत मुलें वर्णावरून आणि हिंदुस्थानावरून चिडवीत, असें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे. चरित्रावरून कलेचा अर्थ लावण्याची रीति धोक्याची असते हें आम्ही जाणतों. तरीहि एक गोष्ट सुचवावीशी वाटते. जो लहानपणीं दाराबाहेर उभा राहिला आहे त्याला 'आंत या' हे शब्द इतरांहून अधिक गोड लागतात. या गायकाच्या सबंध गायनांत, अगदीं उत्तम गायनांतहि, घरच्या सर्व माणसांनीं आपल्याला आंत घ्यावें अशी एक अजीजी आहे.

पहिल्या तबकडींत मात्र ती नाहीं. 'मूव्ह इट' हें गाणें इयन सॅमवेल या तरुणानें क्लिफच्या घरीं जातांना बसमध्यें रचलें. रॉक-अँड-रोलचे दिवस भरले असें म्हणणाऱ्यांस तें एक उत्तर होतें. कंपनीनें तें तबकडीच्या मागच्या बाजूस टाकलें होतें; पुढच्या बाजूस अमेरिकेहून आणलेलें 'स्कूलबॉय क्रश' नांवाचें एक मिळमिळीत गीत होतें. दूरचित्रवाणीवरील 'ओ बॉय!' या कार्यक्रमाचे निर्माते जॅक गुड यांनीं हट्टानें मागची बाजू पुढें आणली, गायकाचे कल्ले उतरविले, हातांतील गिटार खालीं ठेवावयास लाविली आणि त्याला नुसतें उभें राहून, डोळ्यांनीं व ओठांनीं गावयास शिकविलें. खपाच्या यादींत गाणें दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलें. तें आजहि ऐकावें. आरंभीं गिटारची एक लकेर झरझर खालीं उतरत येते. ती एर्नी शीअर या मेहनतान्यावर बोलाविलेल्या वादकाची आहे. तिच्यामागून जो आवाज येतो तो सतरा वर्षांच्या मुलाचा. प्रेस्लीची छाया त्यावर स्पष्ट आहे. पण हा मुलगा ओरडत नाहीं. तो तालाच्या किंचित् मागें रेंगाळतो, शब्द अर्धवट गिळतो, आणि त्या रेंगाळण्यांतच एक धमकी राहते. त्या सालीं एका संगीतविषयक साप्ताहिकानें त्यांचे अंगविक्षेप आईबापांनीं मुलांना दाखवूं नयेत असे आहेत, म्हणून तक्रार केली होती. पुढील साठ वर्षांचें चरित्र ज्यांस ठाऊक आहे त्यांना ही तक्रार वाचून हसूं आल्यावांचून राहणार नाहीं.

कारण पुढच्याच वर्षीं 'लिव्हिंग डॉल' आलें. लायोनेल बार्ट यांचें हें गाणें एका चित्रपटासाठीं जलद चालींत बसविलें होतें. तबकडीच्या वेळीं साथीदारांनीं ती चाल संथ केली, आणि त्या संथ चालीबरोबर धमकी गेली, मार्दव आलें. गाणें पहिल्या क्रमांकावर गेलें. प्रेयसीला बाहुली मानणारें तें पद आज कानांस थोडें खटकतें. पण आवाजाची बैठक मात्र येथेंच ठरली. हलका, स्वच्छ, कंप जवळजवळ नसलेला आवाज. शब्दाचा उच्चार निर्मळ. स्वर आघात न करतां हळूंच उचललेला. त्यांच्या साथीदारांनींहि, म्हणजे पुढें 'शॅडोज' म्हणून गाजलेल्या वादकांनीं, हीच निर्मळता आपलीशी केली. हँक मार्व्हिन यांच्या हातांतील लाल फेंडर गिटार क्लिफ यांनींच १९५९ सालीं अमेरिकेहून मागविली होती. आणि १९६० सालीं त्याच शॅडोजच्या 'अपाची' या गीतविरहित तुकड्यानें क्लिफ यांच्याच गाण्यास पहिल्या क्रमांकावरून खालीं ओढलें. मालकाला चाकरानें मागें टाकण्याचे प्रसंग संगीतांत फार थोडे. येथें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं हेंहि या मंडळींच्या स्वभावास धरूनच झालें.

'दि यंग वन्स' आणि 'समर हॉलिडे' हे १९६१ व १९६३ चे बोलपट त्या काळच्या इंग्लंडास फार आवडले. दुसऱ्या बोलपटांत लंडनची लाल दुमजली बस घेऊन कांहीं तरुण अथेन्सपर्यंत जातात. युद्धानंतरच्या टंचाईंत वाढलेल्या प्रेक्षकांना ऊन दाखविणें एवढाच त्याचा हेतु होता व तो सफल झाला. त्यानंतर लिव्हरपूलचे बीटल्स आले आणि तारुण्याची भाषाच पालटली. १९६६ सालीं लंडनमध्यें बिली ग्रॅहॅम यांच्या सभेंत क्लिफ यांनीं आपली ख्रिस्ती श्रद्धा जाहीर केली. १९६८ सालीं 'काँग्रॅच्युलेशन्स' घेऊन ते युरोपीय गीतस्पर्धेंत उतरले आणि स्पेनकडून अवघ्या एका गुणानें हरले. तें गाणें वाढदिवसाच्या मेजवानीस ठीक आहे. याहून अधिक त्यासंबंधीं लिहिण्याचें कारण दिसत नाहीं.

आतां आम्ही त्या काळाकडे येतों ज्यासाठीं हा लेख लिहावासा वाटला. १९७५ च्या सुमारास क्लिफ यांची एक तबकडी बाजारांत जाण्याच्या बेतांत असतां तिच्यांतील नायिका वेश्या आहे असें त्यांना कळलें, आणि त्यांनीं ती स्वतःच मागें घ्यावयास लाविली. लोक हंसले. पण त्यांनीं आपल्या कलेभोवतीं घातलेलें कुंपण किती जवळ आलें होतें, हें त्यावरून दिसतें. अशा वेळीं शॅडोजमधील जुने सहकारी ब्रूस वेल्च यांनीं त्यांच्यासाठीं नवे कवि व नवीं गाणीं शोधलीं, आणि १९७६ सालीं 'आय ॲम निअर्ली फेमस' हा संग्रह निघाला. अठरा वर्षें प्रसिद्ध असलेल्या माणसानें 'मी जवळजवळ प्रसिद्ध आहें' असें नांव द्यावें, हा विनोद त्यांना यापूर्वीं सुचला नसता.

त्या संग्रहांतील 'मिस यू नाइट्स' हें गीत आमच्या मतें त्यांच्या सबंध आयुष्यांतील सर्वोत्तम होय. विषय विप्रलंभाचा, रचना डेव्ह टाउनसेंड यांची. तंतुवाद्यांच्या मंद पार्श्वभूमीवर आवाज जवळजवळ बोलल्यासारखा सुरू होतो. पुढें स्वर चढतो, उघडा होतो. आतां हा माणूस रडेल असें वाटतें. आणि तो रडत नाहीं. दुसरा एखादा गायक येथें गळा फोडून मोकळा झाला असता व श्रोत्यांनाहि मोकळें केलें असतें. क्लिफ तसें करीत नाहींत. संयम ही त्यांची नेहमींची मर्यादा. या एका गाण्यांत ती मर्यादाच अर्थ होऊन बसली आहे. हें चारचौघांत नीट वागणाऱ्या, दुःखाचा बभ्रा न करणाऱ्या माणसाचें दुःख आहे, आणि अशा माणसाच्या रात्री कशा जातात हें सांगावयास असाच गळा हवा होता. आपल्या घरांतील किती वडील माणसें या रीतीनें दुःख करतात! आश्चर्याची गोष्ट ही कीं, ब्रिटनच्या यादींत तें पंधराव्या क्रमांकापलीकडे गेलें नाहीं.

त्याच संग्रहांतील 'डेव्हिल वूमन' मध्यें जादूटोण्यानें झपाटलेल्या माणसाची कैफियत आहे. 'मूव्ह इट'मधील तो दबलेला, धमकीचा स्वर येथें इतक्या वर्षांनीं परत आला. फरक इतकाच कीं, आतां धमकी देणारा स्वतःच भ्यालेला आहे. जी अमेरिका त्यांना आजवर ओळखत नव्हती तिनेंहि तें सहाव्या क्रमांकापर्यंत नेलें. १९७९ सालीं ॲलन टार्नी यांचें 'वी डोन्ट टॉक एनीमोअर' आलें; अकरा वर्षांनंतर तो पहिला 'पहिला क्रमांक'. त्याची चाल इतकी उल्हसित आहे कीं, शब्द तुटलेल्या नात्याचे आहेत हें प्रथम ध्यानांतच येत नाहीं. ध्यानांत आल्यावर मग तो उल्हासच जरा क्रूर वाटूं लागतो. १९८० च्या 'कॅरी'मध्यें एका मुलीचा शोध घेत आलेला माणूस आहे. ती कोठें गेली हें कोणासच ठाऊक नाहीं. या चार वर्षांत या गळ्यानें शंका, भीति आणि गमावलेपण यांना आंत येऊं दिलें. श्रद्धा ढळली नाहीं, आवाजहि मळला नाहीं; म्हणजे कुंपणाच्या आंत राहूनहि हें करतां येत होतें.

मग तें पुढें कां केलें नाहीं, ही आमची तक्रार आहे. १९८६ सालीं दूरचित्रवाणीवरील चार विनोदी नटांसह त्यांनीं धर्मादायासाठीं 'लिव्हिंग डॉल' पुन्हां गायिलें. स्वतःवर हसण्याचें औदार्य त्यांत होतें व तें आम्हांस आवडलें. परंतु १९८८ चें 'मिसलटो अँड वाइन' आणि १९९० चें 'सेव्हिअर्स डे' यांनीं त्यांना नाताळचे मानकरी करून टाकलें, आणि १९९९ च्या अखेरीस 'दि मिलेनियम प्रेअर' आलें. ख्रिस्ती लोकांची मुख्य प्रार्थना एका जुन्या स्कॉटिश निरोपगीताच्या चालीवर बसविण्याची ती कल्पना. त्यांच्या नेहमींच्या कंपनीनें ती तबकडी काढण्याचें नाकारलें, अनेक नभोवाणी-केंद्रांनीं ती वाजविली नाहीं, आणि तरीहि लोकांनीं तिला तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेविलें. नभोवाणीवाल्यांचा तोरा आम्हांस मान्य नाहीं. धर्मादायास पैसा मिळाला हेंहि चांगलें झालें. परंतु प्रार्थनेचे शब्द आणि त्या चालीचा झोका यांचा सांधा जमत नाहीं, शब्द ओढून ताणून मात्रांत कोंबावे लागतात. ज्या भक्तीनें त्या माणसाचें आयुष्य सांवरलें तिला त्याच्या हातून याहून चांगलें गाणें मिळावयास हवें होतें.

येथें दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीं तर अन्याय होईल. जुलै १९९६ मध्यें विंबल्डन येथें पाऊस लागला, खेळ थांबला, आणि प्रेक्षकांत बसलेल्या क्लिफ यांना कोणीं तरी गाण्याची विनंति केली. साथ नाहीं, वाद्य नाहीं. त्यांनीं उभ्या उभ्या आपलीं जुनीं गाणीं सुरू केलीं, मागें मार्टिना नवरातिलोवा व व्हर्जिनिया वेड यांच्यासारख्या खेळाडू कोरस धरून डोलूं लागल्या, आणि भिजलेले हजारों लोक गाऊं लागले. पुष्कळांनीं या प्रसंगाची चेष्टा केली. पण वाद्यांवांचून, पूर्वतयारीवांचून एवढा समुदाय सुरांत धरून ठेवणें हें सोपें काम नव्हे. चेष्टा करणाऱ्यांपैकीं एकानें तरी तें करून पाहावें. लोकांना प्रसन्न करणें ही क्लिफ यांच्यापुरती खुशामत नसून विद्या आहे, आणि ती त्यांनीं आयुष्यभर राबून मिळविली आहे.

त्यांच्या उत्तरायुष्यांत एक मोठा आघात झाला. ऑगस्ट २०१४ मध्यें एका जुन्या आरोपावरून पोलिसांनीं त्यांच्या घराची झडती घेतली व बीबीसीनें ती हेलिकॉप्टरमधून चित्रें घेऊन साऱ्या जगास दाखविली. त्यांना अटक झाली नाहीं. २०१६ सालीं खटला भरण्यास आधार नाहीं असें सरकारी वकिलांनीं जाहीर केलें, आणि २०१८ सालीं त्यांच्या खासगी जीवनाचा भंग झाल्याबद्दल उच्च न्यायालयानें बीबीसीविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षीं 'राइज अप' हा संग्रह निघाला. आम्हीं तो एका विशेष अपेक्षेनें ऐकला. नांवांत निर्धार आहे, गायनांत उमेद आहे; आवाज त्या वयास अचंबा वाटावा इतका निकोप आहे. त्या चार वर्षांच्या रात्री मात्र त्यांत नाहींत. त्या तेथें असाव्यात असा हक्क श्रोत्याला नाहीं, हें खरें. परंतु 'मिस यू नाइट्स' ज्यानें गायिलें त्याच्याकडूनच ही अपेक्षा करावीशी वाटते, इतरांकडून नव्हे.

२०२५ च्या अखेरीसहि, पंचाऐंशी वर्षें पुरीं झाल्यावर, ते ब्रिटनमध्यें रंगमंचावर गात होते. नवख्या वाचकांनीं कोठून आरंभ करावा असें कोणीं विचारल्यास आम्ही १९७६ चा संग्रह प्रथम सांगूं. त्यानंतर 'मूव्ह इट'ची १९५८ ची तबकडी ऐकावी, आणि लगेच तेंच गाणें त्यांनीं २००६ सालीं ब्रायन मे यांच्या गिटारीबरोबर पुन्हां गायिलें आहे तें लावावें. दुसऱ्या खेपेस गिटार अधिक गर्जते आणि गायक अधिक खुषींत आहे. रेंगाळणारा तो मुलगा पहिल्या तबकडींतच राहिला आहे. नाताळचीं गाणीं त्या त्या दिवसांत आपोआप कानांवर येतातच. त्यांसाठीं वेगळा खर्च करण्याची जरूर नाहीं.