पाच वाजताचा चहा कोण करतं?

मागच्या वर्षी सूनबाईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं फुल्या मारायला सुरुवात केली. मला वाटलं, दुधाचा हिशोब असेल. विचारलं तर म्हणाली, "आई, सहासष्ट दिवस पहाटे पाचला उठायचंय. मग सवय लागते म्हणे." रॉबिन शर्मा या कॅनडातल्या लेखकाचं, २०१८ साली आलेलं 'द फाइव्ह ए. एम. क्लब' तिच्या उशाशी होतं.

तेविसाव्या दिवशी नातवाला ताप आला. रात्रभर जागरण झालं आणि पहाटेचा गजर तिनं झोपेतच बंद केला. सकाळी तिच्या डोळ्यांत पाणी. "माझ्यात शिस्तच नाही, आई." आणि मी काय म्हणावं? "अगं, आम्ही जन्मभर पाचलाच उठतोय. त्यात काय मोठं?" बोलून मी मोकळी झाले, ती मात्र गप्प झाली. दिवसभर ते मला टोचत राहिलं. दुपारी मी ते पुस्तक वाचायला घेतलं.

आधी चांगलं ते सांगते. पाच ते सहा या तासाचे तीन वाटे करा, असं लेखक सांगतात. पहिली वीस मिनिटं घाम येईल असा व्यायाम, पुढची वीस शांत बसून चिंतन किंवा रोजनिशी, शेवटची वीस वाचन-अभ्यास. उठल्या उठल्या फोन हातात घेऊ नका, हा सल्ला तर लाखमोलाचा. आमच्या घरात सगळ्यांनीच तो पाळावा.

पण हे सांगायला लेखकानं जी गोष्ट रचली आहे, तिच्यात एक उद्योजिका, एक चित्रकार आणि त्यांना शिकवणारा एक अब्जाधीश आहे. मॉरिशसचा समुद्रकिनारा आहे. त्यांच्या पहाटेच्या आड कुणाचा डबा येत नाही, सासऱ्यांची गोळी येत नाही, दूध उतू जात नाही. मैत्रिणींनो, पाचला उठणं आपल्याला नवीन नाही. उठल्यावरचा तास आपला असणं, हे नवीन आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि अशा बायका शंभरात एक्याऐंशी, तर पुरुष जेमतेम सव्वीस. पुस्तकातला तास या हिशोबातून काढायचा कुठून?

मग तो झोपेतून निघतो. लवकर झोपा, असं लेखकही सांगतात. पण आमच्याकडे दुकान बंद करून माणसं साडेनऊला जेवायला बसतात, ओटा पुसेपर्यंत अकरा वाजतात. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. अकरा ते पाच किती होतात, ते बोटावर मोजा. सूनबाईची डोकेदुखी कशी वाढली, हे मग मला वेगळं शोधावं लागलं नाही.

आणि ते सहासष्ट दिवस! तो आकडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासातला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी तो ९६ जणांवर केला. सहासष्ट हा मधला आकडा होता. माणसागणिक अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत गेला. शिवाय एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. हे आधी कळतं, तर ती तेविसावी सकाळ रडण्यात गेली नसती.

आपल्या सोळाकारण भावनांत तप आणि त्याग या दोन्हींच्या आधी 'शक्तितः' हा शब्द आहे. आपल्या ताकदीप्रमाणे. आणि चुकलं तर प्रतिक्रमण आहे. स्वतःला दूषणं देत बसण्यापेक्षा चूक बघायची, मान्य करायची आणि पुन्हा आसनावर बसायचं.

म्हणून आपलं जुनं सगळं छान होतं, असंही मी म्हणणार नाही. माझ्या सासूबाई रोज सामायिकाला बसत. अठ्ठेचाळीस मिनिटं. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारत नसे. सासरे दारातूनच मागे फिरत, मुलं हळू बोलत. त्यांचा निश्चय पक्का होताच, पण तो टिकला कारण सगळं घर त्याची राखण करत होतं. आणि त्या वेळी गॅसजवळ कोण उभं असे? मी. माझं सामायिक कित्येक वर्षं कुकरच्या शिट्ट्यांत झालं. तेव्हा 'आम्ही पाचलाच उठतोय' हे माझं वाक्य अभिमानाचं कमी आणि राहून गेलेल्या तासाच्या चिडीचंच जास्त होतं. ती चीड मी सुनेवर काढली.

पुस्तकात मला हीच मोठी उणीव वाटते. सवय ही एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीवर उभी राहते, असं ते धरून चालतं. घर त्यात नाहीच. आणि ज्या सवयीला घराची साथ नाही, ती बाईच्या अंगावर आणखी एक काम म्हणून पडते.

त्या रात्री मी सुनेची माफी मागितली. मग घरात बोलणं झालं. रात्रिभोजन त्याग आमच्याकडे फक्त दशलक्षणापुरता उरला होता. आता आम्ही दोघी आणि नातू सूर्यास्ताआधी जेवतो. दुकानावरून उशिरा येणारे आपलं ताट आपण वाढून घेतात, घासूनही ठेवतात. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, मग थांबली. सूनबाई दहाला झोपते, सहाला उठते आणि साडेसहापर्यंत गच्चीवर असते. तेवढ्यात तिला हाक मारायची नाही. चहा तिचा नवरा करतो. साखर जास्त पडते, पण आम्ही बोलत नाही.

पुस्तक जरूर वाचा. फक्त वाचून झाल्यावर उशाशी ठेवू नका. घरात सगळ्यांना दिसेल असं, जेवणाच्या टेबलावर ठेवा.