‘संदेशवाहक’ या रूपकाची मर्यादा

मराठी शास्त्रीय लेखनात चेतापेप्टाइडांची ओळख बहुधा ‘चेतापेशींमधील रासायनिक संदेशवाहक’ अशी करून देण्यात येते. ही व्याख्या सुबोध आहे, निर्दोष नाही. संदेशवाहक म्हटला की जासूद डोळ्यांपुढे उभा राहतो: एकाने धाडावा, दुसऱ्याने निरोप घ्यावा. ग्लुटामेटासारख्या द्रव्यास हे रूपक शोभते. ते दोन पेशींमधील फटीत पडते आणि काही सहस्रांश सेकंदांत आपले कार्य उरकते. पेप्टाइडांची रीत निराळी. ती मोठ्या प्रथिनांतून कापून निघतात, पेशी वेगाने उद्दीपित होत राहिली म्हणजे विशेषेकरून बाहेर पडतात, फटीपलीकडेही पसरतात आणि सेकंदांपासून मिनिटांपर्यंत इतर पेशींची प्रतिसाद देण्याची तयारी बदलून टाकतात.

तारापूरनजीकच्या घिवलीस होडी लोटतानाची हाक भरतीस व ओहोटीस एकच असू शकते. होडी तरंगते की रुतते, हे पाणी ठरवते. पेप्टाइड हे हाकेपेक्षा पाण्यास जवळचे. निशिकांत सुभेदार व सहकारी यांनी मागूर माशाच्या मेंदूतील ‘कार्ट’ या पेप्टाइडाविषयी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात उपवासाने व ग्लुकोजाने त्याचे प्रमाण बदलत असल्याचे आढळले. येथे भुकेची भरती-ओहोटीच दिसते.

तथापि हा दृष्टान्तही अपुरा आहे. भरती बाहेरून येते. पेप्टाइड पुष्कळदा त्याच पेशीतून, नेहमीच्या संदेशद्रव्यासह स्रवते. येथे व्याकरण साह्यास येते. ‘जा’, ‘जा ना’, ‘जाच’ यांत क्रियापद एक, वक्ताही एक. निपाताने श्रोत्यावरील भार तेवढा बदलतो. पेप्टाइडाचे कार्य पुष्कळ अंशी या निपातासारखे आहे. अर्थात हा सार्वत्रिक नियम नव्हे. ऑक्सिटोसिन रक्तावाटे गर्भाशयापर्यंत पोचते. तेथे त्यास निरोप्या म्हणणे वावगे नाही.

म्हणून दोष ‘चेतापेप्टाइड’ या संज्ञेत नसून तिच्यासोबत येणाऱ्या क्रियापदात आहे. ‘संदेश पोचवते’ एवढेच शिकलेला विद्यार्थी, एक पेप्टाइड रोखले की एक निरोप थांबेल, असे समजेल. वस्तुतः अनेक निरोपांचे बळ कमीअधिक होईल. ‘संदेशाचा परिणाम बदलते’ असे लिहिण्यास दोन शब्द अधिक लागत नाहीत. मात्र त्याने औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याची एक मूलभूत चूक टळेल.