उतारूंचें वाङ्मय

यवतमाळ जिल्ह्यांतील आगगाडीवर जें ललित लेखन होतें, त्याची नायिका बहुधा एकच : मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील अरुंद रुळांची ‘शकुंतला’. मँचेस्टरला १९२१ सालीं घडविलेलें तिचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धावलें. तिच्या मंद चालीचीं वर्णनें गोड असतात, हें कोणीहि रसिक मान्य करील.

परंतु हें सारें उतारूंचें वाङ्मय आहे. खिडकींतून जें दिसलें तेवढेंच त्यांत उतरतें. मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीनें ही गाडी वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठीं काढली, ही गोष्ट तेथें ओझरती येते. तो कापूस पिकविणारा शेतकरी तर येतच नाहीं.

मग मालगाडीची काय कथा! वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याच्या कोळशासाठीं सरकारनें वर्ध्याहून खास लोहमार्ग नेला. ती खाण १९०६ सालीं बंद पडली. नदीच्या अलीकडे, याच जिल्ह्यांत, वणी-राजूरच्या खाणी निघाल्या. माजरीहून त्यांच्यापर्यंत रूळ आले. १९७३ सालीं त्यांचें राष्ट्रीयीकरण झालें. एवढ्या घडामोडींतून एखादी हळवी आठवणहि सहसा लिहिली गेली नाहीं. कारण कोळशाच्या वाघिणींत लेखक बसत नाहीं, आणि भूगर्भांत उतरणाऱ्या मजुराच्या हातीं लेखणी नसते.

स्मरणरंजनाला आमचा विरोध नाहीं. मात्र त्याला इतिहास म्हणूं नये. कालिदासाच्या दुष्यंताला अंगठी पाहून शकुंतला आठवली. आमच्या या शकुंतलेची खरी ओळख पटावयाची, तर तिच्या डब्यांतला कापूस आणि इंजिनाच्या भट्टींतला कोळसा यांकडे पाहिलें पाहिजे.