दोष ऋतूचा की ताणाचा?

'पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू' एवढ्यावर वर्गातला पाठ पुष्कळदा संपतो. हे अपुरे आहे, असे आम्हांला वाटते.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. या दोषाला 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे ऋतुजन्य तडे, असे नाव पडले. नाव मिळाले, पण कारण दूरच राहिले.

काडतुसाच्या पितळी कवचात सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. ते न तापवता दाबून, ओढून घडवतात. एका मापाच्या कवचाचे तोंड आवळून लहान मापाचे करतानाही हेच घडते: धातू कडक होतो आणि आत ताण शिल्लक राहतो. काडतुसांचा साठा तबेल्यांत असे. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पावसाळी ओल मिळून या ताणलेल्या पितळेला भेगा पाडत. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याचा उलगडा केला. बेताने तापवून ताण घालवला की भेगा टळतात.

पुण्याच्या तांबट आळीतले कारागीरही ठोकून कडक झालेले तांबे तापवून मऊ करतात. शिक्षकांनी तांब्याची मऊ तार वाकवून ती कडक होते हे अवश्य दाखवावे. दोषाचे नाव पाठ झाले, म्हणजे कारण समजले असे नव्हे.