करुणाची सापेक्षता : योसेफाचे वस्त्र आणि सिंदखेडची समाधी

शोकप्रसंग पाहणाऱ्याला पुढची कथा आधीच ठाऊक असेल, तर त्या शोकाचे काय होते? रसचर्चेला हा प्रश्न नवा नाही. पण त्याची खरी अडचण एखाद्या विशिष्ट कलाकृतीपुढे उभे राहिल्यावाचून कळत नाही. व्हेलास्केझने 1630 मध्ये रोम येथे रंगविलेले आणि आज स्पेनमधील एस्कोरिअल येथे असलेले योसेफाच्या वस्त्राचे चित्र ही अशी एक कलाकृती होय.

विषय बायबलच्या 'उत्पत्ती' या ग्रंथातील सदतिसाव्या अध्यायाचा आहे. मत्सराने पेटलेल्या भावांनी योसेफाला विकले आहे आणि बकऱ्याच्या रक्तात बुडविलेले त्याचे वस्त्र ते वृद्ध पित्यापुढे धरतात. उजवीकडे उंचवट्यावर बसलेला याकोब हात पसरून हादरून जातो. डावीकडचा एक पुत्र पाठमोरा होऊन शोकाचा आविर्भाव करतो. मूळ कथेत भाऊ उघड खोटे बोलत नाहीत, ही बाब येथे महत्त्वाची आहे. ते वस्त्राची ओळख पटवायला सांगतात. मृत्यूचा निष्कर्ष बाप स्वतःच काढतो. संस्कृत नाट्यपरंपरेतील अभिज्ञान, उदाहरणार्थ दुष्यंताची अंगठी, हरवलेल्या माणसाला परत मिळवून देते. येथे खूण खरी आहे आणि तिने दिलेली साक्ष खोटी. शिवाय चित्रकाराजवळ शरीराखेरीज दुसरी भाषा नसल्यामुळे खरा शोक आणि कृतक शोक यांचे अनुभाव एकाच वर्णमालेत लिहावे लागतात. उंचावलेला हात बापाचा की कपटी पुत्राचा, हे हातावरून ठरत नाही. अग्रभागी एक लहानसा कुत्रा मात्र भावांवर भुंकतो आहे. बायबलमधील कथेत हा कुत्रा नाही. व्हेलास्केझने तो आणला आहे आणि समीक्षकाचे काम बरेच हलके केले आहे.

भरताने करुण आणि विप्रलंभ यांच्यात केलेला भेद या ठिकाणी उपयोगी पडतो. करुण निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा संपलेला. विप्रलंभ सापेक्ष, म्हणजे ती आशा शिल्लक असलेला. विप्रलंभ हा शृंगाराचा प्रकार असल्याने पितापुत्रांच्या संबंधाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही; परंतु भेदाचे तत्त्व लागू पडते. याकोबाचा शोक त्याच्यापुरता निरपेक्ष आहे. प्रेक्षकाला मात्र योसेफ मिसरात जिवंत असल्याचे आणि पुढे तेथे मोठ्या अधिकाराला पोचणार असल्याचे ठाऊक असते. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात हेच ज्ञान सांत्वनासाठी वापरले : रामाला न दिसणारी सीता प्रेक्षकाला दिसत राहते. व्हेलास्केझच्या चित्रात योसेफ कोठेच नाही. त्यामुळे प्रेक्षकाजवळचे ज्ञान त्याला बापाच्या बाजूला नेत नाही. योसेफ मेलेला नाही हे जाणणाऱ्या भावांच्या रांगेत ते त्याला उभे करते. या चित्रासमोर जाणवणारी अस्वस्थता करुणरसाची कमी आणि या सहभागाची अधिक आहे.

मराठी इतिहासकथनाकडे वळताना हा मुद्दा विशेष बोचरा होतो. चित्राच्या आदल्याच वर्षी, जुलै 1629 मध्ये, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडचे लखुजी जाधवराव दौलताबादेस निजामशाही दरबारात मुजऱ्यासाठी गेले असता अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि नातू यशवंतराव यांच्यासह मारले गेले. त्यांची कन्या जिजाबाई भोसल्यांची सून होती; आणि या दोन सोयऱ्यांनी खंडागळ्यांच्या हत्तीवरून उसळलेल्या दंगलीत पूर्वीच एकमेकांचे रक्त सांडले होते. परमानंदाच्या 'शिवभारता'त तो प्रसंग आला आहे. म्हणजे ज्या घरात बसून तिला माहेरचा शोक करायचा, त्या घराशी तिच्या माहेराचे वैर होऊन गेलेले. पित्याच्या वधानंतर सात महिन्यांच्या आत, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला.

रूढ कथन नेमके हे सात महिने गिळून टाकते. कीर्तनाच्या परिभाषेत सांगायचे तर वध हा पूर्वरंग ठरतो आणि राज्यस्थापना उत्तररंग. मातेचा शोक तत्काळ संकल्पात रूपांतरित होतो, कारण सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला 1674 ठाऊक असते. असे कथन असत्य असते असे नव्हे. पण त्यात निरपेक्ष शोकाला सापेक्ष करून घेतले जाते, आणि ते सापेक्षत्व शोक करणारीचे नसून श्रोत्याचे असते. 1629 च्या पावसाळ्यात गरोदर असलेल्या त्या स्त्रीजवळ उत्तररंग नव्हता. तिच्या दुःखाला 'प्रेरणा' म्हणणे सोयीचे आहे. वाङ्मयीन दृष्टीने ते तिच्या हातून तिचे दुःख काढून घेणे आहे.

सिंदखेडराजा येथे दरवर्षी 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी मोठा समुदाय जमतो. जन्मस्थान असलेला राजवाडा आणि लखुजींची भव्य दगडी समाधी एकाच गावात आहेत. राजवाड्याला कथा आहे आणि ती पुढे जाते. समाधी हा वास्तुप्रकारच कथनाला फारसा अनुकूल नसतो : त्याला अनुभाव नसतात, पाठमोरे होणारे पुत्र नसतात, भुंकणारा कुत्रा नसतो. याकोबाला योसेफ पुढे मिसरात भेटतो. दौलताबादेस मुजऱ्याला गेलेल्या त्या चौघांपैकी कोणी सिंदखेडला परतले नाही.